अर्लपद ते अटक, ५३ दिवसांत : थॉमस क्रॉमवेल नेमका कशाने पडला?

दप्तरी (धागाकर्ता)

१८ एप्रिल १५४० रोजी इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने आपला मुख्य मंत्री थॉमस क्रॉमवेल याला अर्ल ऑफ एसेक्स केले. १० जूनला त्याच क्रॉमवेलला भर बैठकीत राजद्रोही म्हणून धरले. मधले दिवस ५३. २८ जुलैला टॉवर हिलवर शिरच्छेद.

मालिका बघून आलेल्यांकडे याचे उत्तर तयार असते : राजाला चौथी बायको पसंत पडली नाही, ती क्रॉमवेलने आणली होती, म्हणून. उत्तर साफ चूक नाही, पण त्यात तारखा बसत नाहीत. ॲन ऑफ क्लीव्हज हेन्रीला पहिल्यांदा दिसली १ जानेवारीला, रॉचेस्टरला, आणि तिथेच त्याने नाक मुरडले. लग्न ६ जानेवारीला. क्रॉमवेलवर राग असेल तर तो जानेवारीतलाच. मग साडेतीन महिन्यांनी अर्लपद का दिले?

अर्लपदाबरोबर लॉर्ड ग्रेट चेंबरलेन हा मानही दिला. दोन्ही जागा मार्चमध्ये लागोपाठ दोन जुने सरदार मेले म्हणून रिकाम्या झाल्या होत्या. पटनीच्या लोहारकाम आणि दारू गाळण्याचा धंदा करणाऱ्याच्या पोराला पिढीजात उमरावांच्या दोन गाद्या एकदम मिळाल्या. नॉरफकच्या ड्यूकला त्या दिवशी जेवण गेले असेल असे वाटत नाही.

इथे यंत्रणेबद्दल बोलू : कोणता कागद, कोणाच्या हातात, कोणत्या दिवशी. राजा लहरी होता हे सगळ्यांना माहीत आहे, ते पुन्हा नको.

शंकासुर

दरबारी चित्रकार हॉलबाइनने ॲनचे चित्र सुंदर काढले आणि राजा फसला, ही गोष्ट खोटी का मग?

टॉवरचा कावळा

बरीचशी खोटी. हॉलबाइनने ते चित्र ऑगस्ट १५३९ मध्ये ड्यूरेनला जाऊन काढले, चर्मपत्रावर; आज ते लूव्ह्रमध्ये आहे. फसवल्याचा ठपका असता तर पहिला बळी चित्रकाराचा गेला असता. हॉलबाइनला हातही लागला नाही. हेन्रीचा राग तिचे वर्णन करून सांगणाऱ्यांवर होता.

शिक्का_मोर्तब

दप्तरींनी यंत्रणा म्हटले आहे तर आधी शिक्क्यांचे बघू, कारण क्रॉमवेलची ताकद तिथे होती.

राजाचा हुकूम कायदेशीर व्हायला चार पायऱ्या. मसुद्यावर राजाची सही. मग सिग्नेट, हा लहान शिक्का राजाच्या सचिवाकडे. त्यावरून प्रिव्ही सील, ते लॉर्ड प्रिव्ही सीलकडे. शेवटी ग्रेट सील, लॉर्ड चान्सलरकडे. प्रत्येक पायरीवर कारकुनांना फी. मधली पायरी गाळून काम उरकणाऱ्यांमुळे ती बुडते म्हणून १५३६ मध्ये कायदाच केला, की कागद याच वाटेने गेला पाहिजे.

आता क्रॉमवेलच्या नेमणुका बघा. एप्रिल १५३४ सचिव, जुलै १५३६ लॉर्ड प्रिव्ही सील. म्हणजे तीन शिक्क्यांपैकी दोन एकाच माणसाच्या घरात. जानेवारी १५३५ पासून चर्चच्या कारभारात राजाचा प्रतिनिधीही तोच. जमीन, नेमणूक, मठाचा वाटा, माफी, काहीही हवे असले तरी अर्जदाराची वाट ऑस्टिन फ्रायर्समधल्या त्याच्या वाड्यावरून जायची.

आणि १५४० च्या वसंतात काय झाले? सचिवपद दोघांत वाटले : राल्फ सॅडलर आणि थॉमस राइझली. (नावाचे स्पेलिंग भयंकर आहे, उच्चार असाच करतात.) दोघेही क्रॉमवेलच्या हाताखाली वाढलेले, म्हणून बहुतेक जण याला त्याचा विजय समजतात. मला उलट वाटते. रोज सकाळी कागदांची पिशवी घेऊन राजासमोर उभे राहणे हाच त्या पदाचा जीव. ते काम सोडून तो अर्ल झाला. मान वाढला, रोजची भेट कमी झाली. शिवाय राइझलीने पुढे वारे ओळखले.

मठाची पायरी

शिक्का_मोर्तब यांच्याशी निम्मी सहमत. शिक्के खरे, पण राजाने त्याला दूर का होऊ दिले ते परराष्ट्र प्रकरणाशिवाय समजत नाही.

जानेवारी १५३९ मध्ये फ्रान्सचा राजा फ्रान्सिस आणि सम्राट पाचवा चार्ल्स यांनी टोलेडोला तह केला : एकमेकांना विचारल्याशिवाय इंग्लंडशी करार करायचा नाही. पोपने बहिष्कृत केलेला हेन्री एकटा पडला. म्हणून जर्मन संस्थानिकांकडे वळला, म्हणून क्लीव्हजची सोयरीक. हेन्री रॉचेस्टरला ॲनला बघत होता त्याच दिवशी, १ जानेवारी १५४० ला, चार्ल्स पॅरिसमध्ये थाटात प्रवेश करत होता. त्या घडीला लग्न मोडणे परवडणारे नव्हते.

पण ती दोस्ती महिन्या-दोन महिन्यांत विरली. फेब्रुवारीत हेन्रीने नॉरफकला फ्रान्सला पाठवले, तो बरी बातमी घेऊन आला. आणि क्लीव्हजचा ड्यूक गेल्डर्सच्या मुलखावरून चार्ल्सशी भांडत होता. सोयरीक टिकली तर ते भांडण हेन्रीच्या गळ्यात. जानेवारीतली ढाल वसंतात लोढणे झाली. नवरीचा दोष तेवढाच राहिला, तिची गरज संपली.

आणि धर्म. जून १५३९ च्या सहा कलमांच्या कायद्याने जुन्या, म्हणजे कॅथलिक, श्रद्धेकडे गाडी वळली होती. १५४० च्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांत, रॉबर्ट बार्न्स या सुधारकाने विंचेस्टरचा बिशप गार्डिनर याच्यावर व्यासपीठावरून तोंडसुख घेतले, आडनावावर कोट्यासुद्धा केल्या. एप्रिलच्या सुरुवातीला तो दोन साथीदारांसह टॉवरमध्ये, म्हणजे लंडनच्या किल्ल्यातल्या तुरुंगात. बार्न्स हा क्रॉमवेलचा माणूस, हे सगळ्या लंडनला ठाऊक.

फ्रेंच वकील मारियाकने १० एप्रिललाच मायदेशी कळवले होते की क्रॉमवेल डळमळतो आहे. आठ दिवसांनी तो अर्ल झाला. मारियाक तोंडघशी पडला असे तेव्हा वाटले असणार.

शंकासुर

मग एप्रिल-मेमध्ये क्रॉमवेल गप्प बसला होता का?

मठाची पायरी

छे. १९ मे रोजी कॅलेचा कारभारी लॉर्ड लाइल याला अटक झाली, महिनाअखेर चिचेस्टरचा बिशप सॅम्पसन आत गेला. दोघेही जुन्या श्रद्धेचे. मे अखेरीस बाहेरून बघणाऱ्याला क्रॉमवेलच डाव जिंकतोय असे दिसले असते.

दप्तरी

अवांतर : लाइलचे सगळे कागद अटकेत जप्त झाले म्हणून ती सुमारे ३००० पत्रे आज वाचायला मिळतात. त्या काळातला बराचसा पत्रव्यवहार टिकला तो असा, मालक पडला म्हणून. क्रॉमवेलचेही दप्तर जप्त झाले, पण त्यात त्याला आलेली पत्रे ढीगभर आणि त्याने लिहिलेल्यांच्या नकला फारच थोड्या. ऐकायला मिळतो तो सगळा समोरच्याचा आवाज.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली आहे. चालू द्या.

शिक्का_मोर्तब

मठाची पायरी, परराष्ट्र मुद्दा मान्य. पण अडचण कुठे होती ते नेमके सांगतो. राजाला क्लीव्हज नको होती, आणि मन बसले होते कॅथरिन हॉवर्डवर. ती नॉरफकची पुतणी. म्हणजे क्रॉमवेलने लग्न मोडून दिले तर नॉरफकची पुतणी राणी होणार. न मोडले तर राजा चिडणार. राइझलीने नंतर घटस्फोटाच्या चौकशीत जबानी दिली, तिच्यात जूनच्या सुरुवातीचा संवाद आहे. राइझली विनवतो, राजाची यातून सुटका करायला काहीतरी युक्ती काढा. क्रॉमवेल सज्जाच्या खिडकीला टेकून म्हणतो, मामला मोठा आहे. एवढेच. दहा वर्षे प्रत्येक गाठ सोडवून देणारा माणूस पहिल्यांदा राजाला "बघतो" म्हणाला.

कान भरायला जागा इथे मिळाली. १५२६ च्या एल्थम नियमावलीने राजाच्या खासगी दालनात माणसे मोजून १५ ठेवली होती. कपडे चढवणारे, पत्ते खेळणारे, रात्री दाराशी झोपणारे. कौन्सिलचा मंत्री कितीही मोठा असो, संध्याकाळनंतर राजाच्या कानाशी हे लोक. आणि त्या वसंतात राजाच्या संध्याकाळी नॉरफकच्या गोतात आणि गार्डिनरच्या मेजवान्यांत जात होत्या.

दप्तरी

अटकेचा दिवस मारियाकच्या पत्रावरून. १० जून, दुपारी ३ च्या सुमारास, वेस्टमिन्स्टरला कौन्सिलची बैठक. टॉवरचा अधिकारी आत येतो आणि राजाच्या नावाने अटक करतो. क्रॉमवेल टोपी जमिनीवर आपटतो : माझ्या चाकरीचे हे फळ? सहकारी टेबलावर मुठी आपटून "राजद्रोही" ओरडतात. नॉरफक त्याच्या गळ्यातले सेंट जॉर्जचे पदक ओरबाडतो. साउथॅम्पटनचा अर्ल, कालपर्यंतचा मित्र, पायाचा गार्टर, म्हणजे सरदारी मानाचा पट्टा, सोडतो. मागच्या दाराने नदीवर, होडीत, टॉवर.

गावाला बातमी कशी कळली? राजाचे ५० तिरंदाज ऑस्टिन फ्रायर्सच्या वाड्यात शिरताना दिसले तेव्हा. रोख ७००० पौंड निघाले आणि जवळजवळ तेवढ्याच किमतीची चांदी. रात्र व्हायच्या आत सगळे राजाच्या खजिन्यात. खटला नाही, शिक्षा नाही, आणि घर धुऊन नेले. घरातला माल जागचा हलला की तो माणूस परत येणार नाही, हे दरबारात शेंबड्या पोरालाही कळायचे.

टॉवरचा कावळा

त्या वाड्याची एक गंमत. लंडनचा इतिहासकार जॉन स्टो याने लिहून ठेवले आहे की क्रॉमवेलने बाग वाढवताना स्टोच्या बापाचे बागेतले घर न विचारता रुळांवर घालून २२ फूट मागे सरकवले. तक्रार ऐकायला कोण होते? पुढे ती जागा कापडवाल्यांच्या मंडळीने राजाकडून विकत घेतली. ड्रेपर्स हॉल अजून तिथेच आहे.

पोटनियम

आता कायद्याचे बोलू, तिथे हे प्रकरण खरे काळे आहे.

क्रॉमवेल उमराव. उमरावावर राजद्रोहाचा खटला म्हणजे लॉर्ड हाय स्टुअर्डपुढे इतर उमरावांच्या पंचायतीत सुनावणी. १५३६ मध्ये ॲन बोलिनलासुद्धा ती मिळाली, २६ उमराव बसले होते. आरोपीला तिथे वकील नसतो, पण निदान तोंड उघडता येते. क्रॉमवेलला कोणी बोलूच द्यायचे नव्हते. म्हणून बिल ऑफ अटेंडर : पार्लमेंट कायदा करते की अमुक माणूस राजद्रोही आहे. झाले. सुनावणी नाही, पुरावा मांडणे नाही. इतर कोणत्याही विधेयकासारखी वाचने, मग राजाची संमती. त्याबरोबर रक्त "दूषित", म्हणजे पदवी आणि जमीन वारसांकडे जात नाही, सरळ राजाकडे.

उमरावांच्या सभेत बिल १७ जूनला आले, २९ जूनला संमत झाले. दगडी कोठडीत बसलेल्या माणसाला एकही प्रश्न पार्लमेंटने विचारला नाही.

कलमे वाचताना लक्षात येते की घाईत गोळा केली आहेत. राजद्रोहाच्या संशयितांना परस्पर सोडले. निर्यातीचे परवाने पैसे घेऊन विकले. राजाला न विचारता नेमणुका केल्या. पाखंडी पुस्तके पसरवली, बार्न्ससारख्यांना पाठीशी घातले. आणि मुख्य, ३१ मार्च १५३९ रोजी सेंट पीटर द पुअर या पॅरिशमध्ये तो म्हणाला म्हणे की राजा या धर्ममतापासून फिरला तरी मी फिरणार नाही, हातात तलवार घेऊन त्याच्याविरुद्ध मैदानात उतरेन. ती पॅरिश म्हणजे त्याच्या वाड्याचीच. वाक्य १४ महिने जुने. ऐकले कोणी? बिलात नाव नाही, "मानमरातबाच्या अनेक व्यक्ती" एवढेच. आणि मधूनमधून त्याच्या हलक्या कुळाचा उद्धार, जणू तेही एक कलम.

क्लीव्हजच्या लग्नाचा त्यात शब्द नाही. दप्तरींच्या मूळ प्रश्नाला हेही लागू.

शंकासुर

बोललेल्या शब्दावर राजद्रोह? कृती नको?

पोटनियम

नको. १५३४ चा राजद्रोहाचा कायदा, लागू १ फेब्रुवारी १५३५ पासून. राजाला पाखंडी, जुलमी, धर्मफुट्या किंवा गादी बळकावणारा "दुष्टबुद्धीने" म्हटले तरी मृत्युदंड. मसुदा क्रॉमवेलच्या कचेरीतला. "दुष्टबुद्धीने" हा शब्द आरोपीला आधार होईल असे लोकांना वाटले होते. माजी लॉर्ड चान्सलर थॉमस मोरने त्यावर भिस्त ठेवली, ६ जुलै १५३५ ला गेला.

अटेंडर मात्र क्रॉमवेलने शोधलेला नाही, आदल्या शतकातल्या यादवीत तो सर्रास वापरात होता. त्याने केले ते असे की जिवंत, हाताशी असलेल्या, खटला चालवता येईल अशा माणसांवर तो चालवला. १५३४ मध्ये केंटची जोगीण एलिझाबेथ बार्टन. मे १५३९ मध्ये म्हातारी मार्गरेट पोल. तिच्या पेटीतून निघालेला, येशूच्या पाच जखमा (कॅथलिक बंडखोरांची खूण) भरतकामात असलेला अंगरखा त्याने स्वतः उमरावांच्या सभेत फडकावला. तेवढ्यावर बिल पास.

एडवर्ड कोक या न्यायपंडिताने पुढच्या शतकात नोंदवले आहे की राजाच्या सांगण्यावरून क्रॉमवेलने न्यायाधीशांना विचारले : हजर असलेल्या माणसाला ऐकून न घेता अटेंडर करता येईल का? ते म्हणाले, प्रश्न धोक्याचा आहे, पार्लमेंटने असा पायंडा पाडू नये. पण एकदा केला तर तो कोणी पुसू शकणार नाही. दुसरा अर्धा भाग तेवढा लक्षात ठेवला गेला.

मठाची पायरी

पोटनियम, +१. फक्त "करावे तसे भरावे" या वाटेने जाऊ नका कोणी. मार्गरेट पोलही २७ मे १५४१ ला मेलीच. तिने काय केले होते?

शिक्का_मोर्तब

१० जून ते २८ जुलै, ४८ दिवस. बिल २९ जूनलाच झाले तर महिनाभर जिवंत का ठेवला? साक्षीसाठी. घटस्फोटाला पुरावा हवा होता की राजाने लग्न मनातून स्वीकारले नव्हते आणि शरीरसंबंध झाला नव्हता. राजाने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काय सांगितले ते क्रॉमवेलला माहीत होते : आधीच फारशी आवडली नव्हती, आता तर त्याहून नाही. बुधवारी, ३० जूनला, त्याने टॉवरमधून हे सगळे तपशिलात लिहून दिले. शेवटी "दया, दया, दया". आदल्या दिवशी कायद्याने मेलेल्या माणसाची जबानी ९ जुलैच्या घटस्फोटात चालली. काम झाले, गरज संपली. २८ तारखेला इकडे टॉवर हिल आणि तिकडे ओटलँड्सला कॅथरिन हॉवर्डशी लग्न.

ॲनला रिचमंड आणि हीव्हर मिळाले, राजाची "बहीण" म्हणून मान मिळाला, १५५७ पर्यंत जगली. तिने एकदाही हट्ट केला नाही. या दरबारात इतके चांगले फार थोड्यांना जमले.

शंकासुर

त्याच्या बाजूने कोणीच उभे राहिले नाही?

दप्तरी

आर्चबिशप क्रॅनमर, अर्धा. अटकेनंतर दोन दिवसांत राजाला पत्र : असा चाकर या राज्यातल्या कोणत्याही राजाला लाभला नसेल, पण तो राजद्रोही असेल तर मी त्याच्यावर कधी प्रेम केले याचे दुःख आहे आणि वेळीच उघडकीला आले याचा आनंद. दोन्ही पायऱ्यांवर पाय. तरी एवढे लिहायलाही छाती लागते, बाकीच्यांनी तेही केले नाही. सॅडलरने ते ३० जूनचे पत्र राजापर्यंत पोचवले. वधस्तंभाजवळ कवी वायट रडला वगैरे स्पॅनिश बखरीत आहे. त्या बखरीत हेन्रीच्या बायकांचा क्रमच उलटसुलट आहे, तेव्हा सोडून द्या.

याची तुलना १५२९ शी करा. हेन्रीचा आधीचा मंत्री कार्डिनल वूल्झी पडला तेव्हा क्रॉमवेल त्याचा वकील. वूल्झीचा चाकर कॅव्हेंडिश याने नोंदवलेय : सर्व संतांच्या दिवशी क्रॉमवेल ईशरला खिडकीशी प्रार्थनेचे पुस्तक घेऊन रडत होता, मग म्हणाला, लंडनला जातो, तरतो नाहीतर मरतो. महिनाभरात पार्लमेंटात जागा मिळवली. पडलेल्या धन्याची बाजू त्याने उघड मांडली, आणि हेन्रीला ते आवडले. पण वूल्झीच्या वेळी माफी मिळाली होती, वर्षभर हालचालीला वाव होता. १५४० मध्ये तो वाव ठेवायचा नाही हे नॉरफक आणि गार्डिनर शिकले होते. भेट होऊ द्यायची नाही, एक तासही.

शिक्का_मोर्तब

नेमके. आणि उलट उदाहरण क्रॅनमरचेच. १५४३ मध्ये कौन्सिलने त्यालाही असाच बैठकीत धरायचे ठरवले. राजाने आदल्या रात्री बोलावून अंगठी दिली. अटक करायला उठले तेव्हा त्याने अंगठी टेबलावर ठेवली. अंगठी दाखवली की प्रकरण राजापुढे जायलाच हवे. कौन्सिल गप्प. फरक आदल्या रात्रीच्या भेटीचा. क्रॉमवेलला ती रात्र मिळाली नाही.

क्रॉमवेल गेल्यावर तेरा दिवसांनी, १० ऑगस्ट १५४० ला, प्रिव्ही कौन्सिलने स्वतःचा कारकून नेमून नोंदवही सुरू केली. एका माणसाच्या डोक्यात होते ते आता वहीत. त्या वहीपासून पुढच्या संशोधकांची चैन आहे.

टॉवरचा कावळा

वधस्तंभावरच्या भाषणाबद्दल : मरताना निरपराधीपणाचा गजर करायचा नाही असा रिवाजच होता. कायद्याने दोषी ठरलो, राजासाठी प्रार्थना करा, कॅथलिक श्रद्धेत मरतो, एवढेच. कारण मागे पोरे असतात आणि जमीन राजाच्या हातात. मुलगा ग्रेगरी डिसेंबर १५४० मध्ये बॅरन झाला; त्याची बायको जेन सीमोरची बहीण, म्हणजे राजपुत्र एडवर्डची मावशी, हेही कामी आले असणार. जल्लादाने मात्र काम फार वाईट केले असे बखरकार हॉल म्हणतो.

३० जुलैला बार्न्स आणि दोघे सुधारक स्मिथफील्डला जाळले, त्याच वेळी तीन पोपनिष्ठांना फाशी देऊन चिरले. एकाच दिवशी दोन्हीकडचे.

शंकासुर

आणि नॉरफक? तो सुटला?

पोटनियम

पुतणी १३ फेब्रुवारी १५४२ ला गेली, तेव्हा नॉरफकने घराण्याला शिव्या देत राजाला पत्र लिहून मान वाचवली. डिसेंबर १५४६ मध्ये तो आणि मुलगा सरे दोघेही टॉवरमध्ये. सरेचा शिरच्छेद १९ जानेवारी १५४७. बापावर अटेंडर, तोच, सुनावणीशिवाय. राजाला पेन धरवत नव्हते म्हणून संमतीच्या कागदावर कोरडा ठसा मारून त्यात शाई भरली, २७ जानेवारीला. पहाटे होते न होते तोच, २८ ला, हेन्री मेला. नॉरफक १५५३ पर्यंत टॉवरमध्ये राहिला. मेरी राणी झाल्यावर पार्लमेंटने ते बिल रद्द ठरवले. एक कारण असे दिले की ठसा नेहमीच्या जागी, कागदाच्या वरच्या बाजूला नव्हता.

शिक्का_मोर्तब

शिक्क्याची जागा चुकली. माझ्या आयडीचे सार्थक झाले.